फॉग लाइट पिवळे करण्याचे काम : घरगुती पद्धती आणि कारागिराने घ्यावयाची खबरदारी

पावसाळा तोंडावर आला की गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत, रेडियमवाल्यांच्या टपऱ्यांवर आणि डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत एक मागणी हमखास येते : "फॉग लाइट पिवळे करून द्या." कसारा, खंडाळा, आंबोली, महाबळेश्वरच्या वाटेने रोज जा-ये करणारे टेम्पोवाले आणि टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर ही मागणी जून-जुलैत करतात. भिवंडी-मालेगावचा कपडा घेऊन उत्तरेकडे जाणारे ट्रकवाले ती डिसेंबर-जानेवारीत करतात, कारण त्या दिवसांत आग्रा-मथुरेच्या बाजूला धुक्याने रस्ताच गिळलेला असतो. काम लहान आहे, भांडवल थोडे लागते, शिकण्यास दोन-चार दिवस पुरतात. म्हणूनच ते कोणीही करतो, आणि म्हणूनच ते पुष्कळ ठिकाणी वाईट होते.

दरवाज्याला लावलेला रंग बिघडला तर तो गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी उन्हात दिसतो आणि तो भांडायला येतो. लाइटचे काम बिघडले तर ते दुकानात दिसतच नाही. दुकानात लाइट छान पिवळा दिसतो. बिघाड कळतो तो रात्री अकरा वाजता, घाटाच्या वळणावर, जेथे उजेड कमी पडला आहे हे ड्रायव्हरला उमगेपर्यंत कठडा जवळ आलेला असतो. तेव्हा या कामाचे पैसे थोडे असले तरी ते कसे करावे, कोणते करू नये आणि गिऱ्हाइकाला काय सांगावे, याचा विचार आम्ही येथे जरा विस्ताराने करीत आहोत. घरी स्वतः करू पाहणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

पिवळा प्रकाश धुके फाडतो काय?

गिऱ्हाईक दुकानात येते तेच मुळी हे वाक्य घेऊन : "पिवळा लाइट धुकं फाडतो." दुकानदारही मान डोलावतो, कारण तसे म्हटल्याने माल खपतो. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काम नीट होणार नाही.

आकाश निळे का दिसते आणि मावळता सूर्य तांबडा का दिसतो, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. हवेतील अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि पिवळा-तांबडा कमी. त्यावरून लोक असा निष्कर्ष काढतात की धुक्यातूनही पिवळा प्रकाश आरपार जात असला पाहिजे. पण धुके म्हणजे हवेचे रेणू नव्हेत, ते पाण्याचे थेंब आहेत. प्रकाशलहरीची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. धुक्याचा थेंब साधारणपणे त्याच्या दहा-वीसपट किंवा अधिक मोठा असतो. एवढ्या मोठ्या थेंबाला निळा काय नि पिवळा काय, सगळे रंग सारखेच. तो सर्वांना सारखाच विखुरतो. याचा पुरावा डोळ्यासमोर आहे : धुके पांढरे दिसते. त्याने निळा जास्त विखुरला असता तर ते आकाशासारखे निळे दिसले असते.

मग पिवळ्याचा उपयोग काहीच नाही काय? आहे, पण तो धुक्यात नसून डोळ्यात आहे. आपल्या डोळ्याला निळा-जांभळा प्रकाश नीट एकवटता येत नाही. तो पडद्याच्या अलीकडेच एकवटतो, त्यामुळे कडा अंधुक होतात. शिवाय तेवढ्याच उजेडाचा निळसर प्रकाश पिवळसर प्रकाशापेक्षा डोळ्याला जास्त खुपतो. धुक्यात आपल्याच गाडीचा प्रकाश थेंबांवर आपटून परत आपल्याच डोळ्यात येत असतो. त्यातून निळा भाग काढून टाकला तर चमक कमी खुपते, डोळा कमी थकतो आणि तीन तास घाटात गाडी हाकणाऱ्याला बरे वाटते. म्हणजे पिवळा प्रकाश लांबचे दाखवत नाही, तो जवळचे कमी त्रासाने पाहू देतो. एवढाच त्याचा गुण, आणि तो खरा आहे.

या बाबतीत फ्रान्सचा अनुभव मोठा आहे. तेथे १९३६ मध्ये हुकूम निघाला आणि मोटारींचे पुढचे दिवे पिवळे असणे सक्तीचे झाले. बल्बची काच कॅडमियम घालून पिवळी केलेली असे. ही सक्ती १९९३ पर्यंत चालली. मग युरोपातील देशांचे नियम एकसारखे करताना नव्या गाड्यांना पांढरे दिवे आले. अर्ध्या शतकाहून जास्त काळ एका मोठ्या देशाने पिवळ्या दिव्यांवर गाड्या चालवल्या, तरी पांढऱ्याहून पिवळा निर्विवाद श्रेष्ठ, असे जगाला पटवून देणारा काही पुरावा त्यातून हाती लागला नाही. चमक थोडी कमी खुपते, दिसण्यात फारसा फरक नाही, असाच एकंदर निष्कर्ष निघाला. जपानमध्येही २००६ पासून नव्या गाड्यांचे हेडलाइट पांढरेच असावेत असा नियम आहे, मात्र फॉग लाइट पिवळे चालतात.

आता याची किंमतही पाहा. पांढऱ्या प्रकाशातून निळा भाग काढला म्हणजे उजेड काही प्रमाणात घटणारच. चांगल्या पिवळ्या काचेत हॅलोजन बल्बचा सुमारे १२ ते १५ टक्के प्रकाश जातो. हा तोटा परवडतो. परंतु जाड, नारिंगीकडे झुकणारा किंवा मळकट रंग लावला तर याच्या कितीतरी पट प्रकाश खाल्ला जातो. तेव्हा आमच्या कारागीर बांधवांनी एक गोष्ट पक्की धरावी : आपण रंग लावत नाही, आपण प्रकाशातून फक्त निळा काढतो आहोत. जी पद्धत निळ्याशिवाय दुसरे काही काढत नाही ती चांगली. जी इतर प्रकाशही खाते किंवा प्रकाशाची वाट वाकडी करते ती वाईट, मग ती दिसायला कितीही सुंदर असो.

आधी काच ओळखा

आपण सगळ्यालाच काच म्हणतो, पण आज बहुतेक गाड्यांच्या लाइटची 'काच' प्लास्टिकची असते. जुन्या गाड्यांना, ट्रकांना आणि बाहेरून बसवलेल्या गोल-चौकोनी फॉग लाइटना खरी काच अजून सापडते. दोन्हींची जात वेगळी, औषध वेगळे. नखाने टिचकी मारून आवाज ऐकला की जाणकाराला कळते. खात्री करायची तर काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरे कोरलेली असतात ती भिंगातून वाचावीत. वर्तुळात 'ई' हे इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडा असेल तर तो युरोपीय मंजुरीचा शिक्का. त्याच्याजवळ 'पीएल' ही इंग्रजी अक्षरे असतील तर काच प्लास्टिकची. 'बी' किंवा 'एफ ३' असेल तर तो पुढचा फॉग लाइट म्हणूनच बनवलेला आहे. बाजारात फॉग लाइटच्या नावाखाली विकले जाणारे बरेच दिवे नुसते झगझगीत दिवे असतात. त्यांचा झोत वर-खाली कोठेही जातो. असा दिवा पिवळा केला तरी तो फॉग लाइट होत नाही.

प्लास्टिकच्या काचेवर कारखान्यातच एक कठीण पारदर्शक थर दिलेला असतो. तो उन्हापासून प्लास्टिकचे रक्षण करतो. पॉलिश पेपर मारला की हा थर जातो आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागला की प्लास्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पेंटरच्या हाताला थिनरची सवय असते. पत्रा पुसतो तसा तो लाइटही पुसून टाकतो आणि काच आठवड्यात तडकते. प्लास्टिकसाठी साबणाचे पाणी घ्यावे, आणि तेलकटपणा काढायचा असेल तर मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए.

आणखी एक गैरसमज येथेच निकालात काढू. जुन्या गाडीची प्लास्टिक काच उन्हाने पिवळी पडते. "आमचा तर आपोआपच पिवळा झाला," असे काही गिऱ्हाईक हसत सांगतात. तो पिवळेपणा म्हणजे मेलेले, खरबरीत प्लास्टिक होय. त्यातून जाणारा प्रकाश चहूकडे फाकतो आणि धुक्यात फाकलेला प्रकाश म्हणजे डोळ्यापुढे पांढरी भिंत. अशा काचेवर पिवळी फिल्म लावणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चुना मारणे. आधी बारीक पॉलिश पेपरने, पाणी मारत मारत, नंतर कंपाउंडने ती स्वच्छ करावी, किंवा दिवाच बदलावा.

फिल्मची पद्धत

घरी करण्यास आणि दुकानात विकण्यास, दोन्ही दृष्टींनी आम्ही फिल्मला पहिला क्रमांक देतो. कारण साधे आहे : ती एकसारख्या जाडीची असते आणि काढता येते. हाताने मारलेला रंग कितीही चांगल्या पेंटरचा असला तरी कोठे पातळ, कोठे दाट होतोच.

लाइटसाठीची पारदर्शक पिवळी फिल्म वेगळी मिळते. नंबरप्लेट आणि अक्षरे कापण्याचे पिवळे रेडियम ते नव्हे. रेडियम प्रकाश परत फेकण्यासाठी किंवा अडवण्यासाठी बनवलेले असते, ते लाइटवर लावले की दिवा विझल्यासारखाच. दुकानात फिल्म घेताना दोन परीक्षा कराव्यात. वर्तमानपत्राचा बारीक मजकूर फिल्म हातभर दूर धरून त्यातून वाचावा. अक्षरे धारदार दिसली पाहिजेत. मग एखादी गडद निळी प्लास्टिकची पिशवी फिल्ममधून पाहावी. निळा रंग काळपट किंवा काळपट हिरवा दिसला तर फिल्म निळा प्रकाश अडवते आहे. निळा निळाच दिसला तर ती फक्त दिखाऊ पिवळी आहे. त्याच फिल्ममधून पांढरा कागदही अंधारलेला दिसला तर ती फाजील दाट आहे, घेऊ नये.

लावण्याची रीत अशी. दिवा काढता येत असेल तर काढून टेबलावर घ्यावा, जमिनीवर उकिडवे बसून केलेले काम टेबलावरच्या कामासारखे होत नाही. काच साबणाने दोनदा धुवावी. बोट फिरवून पाहावे, डांबराचे किंवा किड्यांचे कण लागता कामा नयेत. फिल्मचा तुकडा काचेपेक्षा सर्व बाजूंनी इंचभर मोठा कापावा. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब घ्यावेत. काच, आपली बोटे आणि कागद सोलल्यावर फिल्मची चिकट बाजू, तिन्ही ओली करावीत. ओली फिल्म काचेवर सरकवता येते, हाच या पाण्याचा उपयोग. मधोमध बसवून रबराच्या पट्टीने मध्यापासून कडेकडे पाणी काढत जावे.

सपाट काचेचे काम येथेच संपते. फुगीर काचेला ऊब लागते. हीट गन असेल तर हातभर दूर धरावी, घरी हेअर ड्रायर पुरतो. फिल्म मऊ झाली की कडेला धरून हलकेच ताणावी आणि वळणावर बसवावी. नवशिके येथे घाई करतात आणि एकाच जागी जोराने ताणतात. ताणलेली फिल्म थंड झाल्यावर आकसते आणि महिन्याभरात कडा सुटतात. जास्त ऊब आणि थोडा ताण, हे प्रमाण हाताला बसले की उस्तादी आली. सुरकुती पडली तर पट्टीने चिरडू नये. तेवढा भाग उचलावा, पाणी मारावे, पुन्हा ऊब द्यावी.

जादा फिल्म कापताना नवे पाते घ्यावे आणि ते काचेवर न दाबता काच व चौकट यांच्या फटीतून फिरवावे. पात्याची रेघ प्लास्टिकवर कायमची राहते. कड कापून झाली की शेवटी पुन्हा एकदा ऊब देऊन बोटाने दाबावी. एक-दोन दिवस गाडी धुऊ नये आणि प्रेशरचे पाणी तर कडेवर कधीच मारू नये, ही सूचना पावतीवर लिहूनच द्यावी. तोंडी सांगितलेले सर्व्हिसिंगच्या पोरापर्यंत पोचत नाही.

उष्णतेचा प्रश्न उरतो. एलईडी दिव्याची काच फारशी तापत नाही. हॅलोजन बल्ब बहुधा ५५ वॅटचा असतो आणि लहान डब्यात बसवलेला असला की काच चांगलीच तापते. आमचा ठोकताळा असा आहे : गाडी उभी ठेवून २० मिनिटे लाइट चालू ठेवावा, मग बोटाची मागची बाजू काचेला हळूच लावून पाहावी. दोन-तीन सेकंद सहन होत असेल तर फिल्म टिकेल. चटका बसून बोट मागे येत असेल तर त्या दिव्यावर फिल्म लावण्याचे पैसे घेऊ नयेत.

रंगाची पद्धत

खऱ्या काचेच्या दिव्याला रंग लावता येतो. त्यासाठी काचेवर चित्रे काढण्याचे पारदर्शक रंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. कॅमलिन आणि फेविक्रिल या दोन्ही नावांचे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. स्कूटरच्या टाकीला मारतो तो पिवळा रंग येथे निरुपयोगी. त्यात रंगाची भुकटी असते, ती प्रकाश अडवते. आपल्याला रंगीत पाण्यासारखा आरपार रंग हवा.

ब्रशने मारल्यास ब्रशचे पट्टे राहतात आणि प्रत्येक पट्टा प्रकाश वाकवतो. म्हणून तो पातळ करून लहान गनने फवारणे योग्य. पातळ करण्यास त्या रंगाच्या डबीवर सांगितलेलेच द्रव्य वापरावे. काच काढून, धुऊन, स्पिरिटने पुसून उन्हात कोमट करावी. रबराची किनार आणि चौकट मास्किंग टेपने झाकावी. धूळ बसू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडावे. गन आठ-दहा इंच दूर ठेवून एक अगदी पातळ हात मारावा, इतका पातळ की रंग लागला की नाही अशी शंका यावी. तो सुकल्यावर दुसरा, मग गरज असेल तर तिसरा. ओघळ आला तर पुसून नव्याने सुरुवात करावी, दुरुस्ती करत बसू नये. दोन्ही दिव्यांना एकाच वेळी, एकाच डब्यातला रंग मारावा. एक आज आणि एक उद्या केला की जोडी जुळत नाही, आणि डावा-उजवा वेगळा दिसणारा लाइट पाहून गिऱ्हाईक परत येतेच.

वरून टूके क्लिअर मारण्याची चाल काही पेंटर बांधवांत आहे. टिकाऊपणा वाढतो हे खरे. पण त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक आहे, साधा रुमाल ती अडवत नाही. योग्य मास्क आणि मोकळी हवा नसेल तर हे काम करू नये. घरी, स्वयंपाकघराशेजारी, मुलाबाळांत तर कोणतीच फवारणी करू नये. रंगाची वाफ आणि पेटता गॅस यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

प्लास्टिकच्या काचेवर रंग आम्ही सुचवत नाही. तो नीट धरावा म्हणून पॉलिश पेपर मारावा लागतो आणि त्याने संरक्षक थर जातो. उद्या रंग काढायचा झाला तर तो थिनरनेच निघणार, म्हणजे काचही गेली.

बाकीच्या युक्त्यांबद्दल दोन शब्द पुरेत. मिठाईच्या खोक्यावरचा पिवळा जिलेटिन कागद उष्णतेने आकसतो आणि पहिल्या पावसात निघून जातो. पिवळी नेलपॉलिश ब्रशचे पट्टे ठेवते, शिवाय प्लास्टिक खाते. बल्बलाच रंग फासणे सर्वांत वाईट. हॅलोजन बल्बची काच शेकडो अंशांनी तापते, तिला नुसते बोटाचे तेल लागलेले चालत नाही, तेथे रंग जळून काळा होतो आणि बल्ब फुटू शकतो.

याउलट कारखान्यात बनलेला पिवळा बल्ब हा चांगला मार्ग आहे, आणि पुष्कळदा फिल्मपेक्षा स्वस्त पडतो. काच तशीच राहते, पाच मिनिटांत काम होते. गिऱ्हाइकाला हा पर्याय दुकानदाराने स्वतःहून सांगावा. मात्र हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब घालताना सावध असावे. दिव्याचा रिफ्लेक्टर तारेच्या एका ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो, एलईडीचा ठिपका त्या जागी नसला की झोत फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. आणि पिवळ्याने कमी झालेला उजेड भरून काढण्यासाठी ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब टाकण्याची जी खोड आहे, तिने होल्डर वितळतो, वायर तापते. फिल्म लावलेल्या दिव्यात तर तो चुकूनही घालू नये.

काम झाल्यावर भिंतीची परीक्षा

येथे आम्ही मुद्दाम थांबतो, कारण दिवे पिवळे करून देणाऱ्या शंभर दुकानांत ही पायरी करणारे फार थोडे आढळतील, आणि धुक्यात खरा उपयोग याच पायरीचा आहे. फॉग लाइटचे सारे शहाणपण त्याच्या रंगात नसून त्याच्या झोताच्या आकारात आहे. झोत रुंद आणि बसका हवा, वरची कड सुरीने कापल्यासारखी हवी. त्या कडेच्या वर प्रकाश गेला की तो ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या धुक्यावर पडतो आणि परत येतो. तो खाली राहिला तर रस्त्याची पांढरी पट्टी आणि कडेचे दगड दिसतात. म्हणूनच हे दिवे बंपरच्या खाली बसवतात. छतावर किंवा बोनटच्या उंचीवर बसवलेला पिवळा दिवा धुक्यात कामाचा नाही, मग तो ट्रकला कितीही शोभो.

सपाट जमिनीवर, टायरमधील हवा बरोबर ठेवून, गाडी भिंतीसमोर २५ फुटांवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारावी. लाइट लावल्यावर झोताची वरची कड त्या रेघेच्या ३ ते ४॥ इंच खाली पडली पाहिजे. जास्त वर असेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून खाली घ्यावी. मालाने भरलेल्या गाडीचे मागचे अंग बसते आणि पुढचे दिवे वर पाहू लागतात, म्हणून टेम्पो-ट्रकचे सेटिंग माल भरून करावे.

त्याच वेळी झोताची कड फिल्म लावण्यापूर्वी होती तशीच धारदार आहे ना, हे पाहावे. ती पसरट किंवा डागाळलेली दिसली तर फिल्मखाली पाणी वा बुडबुडे राहिले आहेत. रंगाची परीक्षाही येथेच होते. जुनी सीडी घेऊन तिच्या चकाकत्या बाजूवर लाइटचा प्रकाश घ्यावा. पांढऱ्या लाइटचे सर्व रंग तिच्यावर पट्ट्यांनी दिसतात. पिवळ्या केलेल्या लाइटमध्ये जांभळा-निळा पट्टा गेलेला, आणि हिरवा, पिवळा, तांबडा ठळक राहिलेला दिसला पाहिजे. हिरवाही मावळला असेल तर काम नारिंगी झाले आहे, उतरवून पुन्हा करावे. नारिंगी हा इंडिकेटरचा रंग आहे, समोरून येणाऱ्याचा घोटाळा होतो.

कायदा आणि हिशेब

पुढच्या फॉग लाइटला पांढरा आणि पिवळा हे दोन्ही रंग युरोपच्या व त्यावर बेतलेल्या आपल्या वाहन-मानकांत मान्य आहेत. समोर लाल दिवा दाखवणे नियमाने वर्ज्य आहे. निळे, जांभळे, हिरवे करून मागणाऱ्या तरुणांना सरळ नकार द्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करण्यास आळा घालते, हेही ध्यानात असू द्यावे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खिडक्यांच्या काळ्या फिल्मविरुद्ध आदेश दिला तेव्हा फिल्मच्या धंद्यातील कित्येकांचा भरलेला माल पडून राहिला. तो आदेश खिडक्यांविषयी होता, दिव्यांविषयी नव्हता. पण ज्या मालावर एका आदेशाने गदा येऊ शकते तो गोदाम भरून ठेवू नये, एवढा व्यवहार त्यातून शिकण्यासारखा आहे. काढता येणारी फिल्म यासाठीही बरी की पासिंगच्या वेळी अधिकाऱ्याने हरकत घेतली तर मूळ काच पाच मिनिटांत मोकळी होते.

दराचा हिशेब असा धरावा. लाइटची फिल्म बहुधा फूटभर रुंद येते. सामान्य फॉग लाइटला सहा इंच चौरस तुकडा पुरतो. म्हणजे एका फुटात चार तुकडे, दोन गाड्यांचे काम. समजा फूटभर फिल्म १०० रुपयांना पडली, तर एका गाडीचा माल ५० रुपयांचा. नवशिक्याचा पाचातला एक तुकडा वाया जातो असे धरून ६२॥ रुपये लावावेत. त्यावर अर्ध्या-पाऊण तासाची मजुरी. भिंतीच्या परीक्षेचे आणि सेटिंगचे पैसे वेगळे लिहावेत, फुकट करू नयेत. फुकट केलेल्या कामाची गिऱ्हाईक किंमत करत नाही आणि घाईच्या दिवशी कारागीरही ते टाळतो. वेगळे लिहिले की ते होते. "धुके फाडतो" असे बोर्डावर लिहू नये, "डोळ्याला कमी त्रास" असे लिहावे. तेवढ्याने गिऱ्हाईक तुटेल असे आम्हांला वाटत नाही, कारण घाटात जाणारा ड्रायव्हर खरे-खोटे पहिल्याच फेरीत ओळखतो आणि मग दहा जणांना सांगतो.

घरी करणाऱ्यांनी जोडीला एक जादा तुकडा कापून डॅशबोर्डच्या खणात ठेवावा. दगड उडून एका बाजूची फिल्म फाटली तर त्याच रोलचा, त्याच छटेचा तुकडा पुन्हा मिळेलच असे नाही. जुनी फिल्म काढताना ओढून तोडू नये. ड्रायरची ऊब देत कोपऱ्यातून सावकाश सोलावी आणि राहिलेला चिकटा कोमट साबणाच्या पाण्याने, अंगठ्याने चोळून काढावा. खऱ्या काचेचा दिवा असेल आणि तो नुकताच विझवला असेल तर पाणी मारण्याआधी तो निवू द्यावा, नाहीतर काच तडकते.